चौथ्या पडद्याचा गंधार

"हा पडदा बसवला कुणी?" दस्तगीरचाचांनी विचारलं.

"कंपनीनंच बसवला असणार, चाचा."

"कंपनी म्हंजे माणूसच की. त्याचं नाव काय?"

आता गिटार बनवणाऱ्या माणसाचं नाव मला कुठून माहीत असणार? मी तंबोरा छेडत राहिले. मिरजेतल्या सतारीच्या गल्लीत चाचांच्या दुकानाचा एक रिवाज होता. आलेल्या माणसानं रिकामं बसायचं नाही. दाराशेजारी एक जुना तंबोरा लावून ठेवलेला असे. आलेल्यानं तो घ्यायचा आणि आपलं काम होईपर्यंत छेडत बसायचं. पोस्टमन पत्र टाकायला आला तरी उभ्या उभ्या चार तारा छेडून जायचा. सकाळी दुकान उघडल्यापासून संध्याकाळी फळ्या लागेपर्यंत तो आवाज थांबलेला गल्लीत कुणी ऐकला नव्हता, आणि त्याच आवाजावर कान ठेवून चाचा सतारीचे पडदे बांधत.

गिटारीच्या तारांखाली ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांनाही चाचा सतारीसारखं पडदेच म्हणत. माझ्या गिटारीचा चौथा पडदा एका बाजूनं उचकटला होता. तिसऱ्यावर बोट ठेवलं की तार त्याला घासायची आणि फरफर आवाज यायचा. सोमवार होता. शनिवारी पुण्यात माझी परीक्षा होती.

परीक्षा लंडनच्या एका बोर्डाची, आठवी ग्रेड, म्हणजे शेवटची. परीक्षक वर्षातून एकदाच पुण्याला येत. आदल्या वर्षी मी दोन मार्कांनी नापास झाले होते आणि ते दोन मार्क स्केल्समध्ये गेले होते. स्केल म्हणजे एका सुरावरून निघून पायरी पायरीनं वर जायचं आणि तसंच खाली यायचं, तीन तीन सप्तकं, न थांबता आणि न चुकता. असे अठ्ठेचाळीस प्रकार. त्यातलं परीक्षक कुठलं मागतील ते त्यांच्या मर्जीवर. पाचगणीच्या एका निवासी शाळेनं संगीतशिक्षिकेची जागा माझ्यासाठी वर्षभर अडवून धरली होती. यंदा पास झाले तर जूनपासून नोकरी, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला, असं स्वच्छ पत्र आलं होतं. दुसरी वाट मला तोंडपाठ होती. पप्पांच्या शेजारच्या मशिनवर बसायचं आणि दवाखान्यातल्या पेशंटांचे हिरवे गाऊन शिवायचे. पप्पांनी जन्मभर तेच केलं आणि दहावीपासून मीही त्यांना टिपा मारून देत होते. त्या कामाला मी कधी नावं ठेवली नाहीत, पण मला ते नको होतं.

"कोल्हापूरचे माझे सर म्हणाले, मुंबईला पाठवावी लागेल. तेवढे दिवस कुठं आहेत?" मी म्हणाले. "तुम्हाला जमेल का चाचा? गिटार आहे."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. साठीचा माणूस, बोटांच्या पेरांवर तारेचे काळे वळ. "तारंचं वाद्य हाय न्हवं? मग? बुधवारी ये. आणि पोरी, आत्ता वाजतंय त्यापेक्षा चांगलं वाजंल. आमच्या हातनं वाद्य आलं तसं परत जात न्हाई."

शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

मंगळवार मी पप्पांच्या मापाच्या लाकडी पट्टीवर काढला. पट्टी गळ्याशी धरायची आणि तिच्यावर बोटं नाचवायची. अठ्ठेचाळीस स्केल्सच्या अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या करून मी बिस्किटांच्या डब्यात टाकल्या होत्या. पप्पा मशिनवरचा एक हात न काढता दुसऱ्या हातानं चिठ्ठी उचलायचे आणि वाचायचे, "बी फ्लॅट मेलॉडिक मायनर. हे औषधाचं नाव वाटतंय गं."

"पप्पा, मागच्या वर्षी ह्यातच गेले मार्क."

"मग ह्याचाच डोस डबल घे."

बुधवारी सकाळी दुकानात गेले तर गिटार स्वच्छ पुसून गादीवर ठेवलेली. मी हात पुढे केला तसा चाचांनी तो अडवला.

"आधी ऐक. मग वाजव."

त्यांनी तंबोरा स्वतःच्या मांडीवर घेतला. माझ्या गिटारीची सगळ्यात जाड तार ई सुरात असते, त्यांच्या भाषेत पांढरी तीन. तंबोरा त्यांनी त्याच सुरात लावला होता. मला म्हणाले, "भोपळ्याला कान लाव. डोळे मिट. काय ऐकू येतंय?"

"सा, पा."

"आणखी?"

"आणखी कुठली तारच नाही चाचा."

"तार न्हाई ते ठावं हाय. ऐक."

मी ऐकत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. आधी नुसता गुंजारव होता. मग त्याच्या आतून, खूप वरून, एक बारीक सूर आल्यासारखा वाटला. मला वाटलं शेजारच्या दुकानात कुणी गातंय. चाचांनी खर्जाची तार पुन्हा छेडली आणि तो सूर पुन्हा आला. शांत आणि अगदी स्थिर होता. तो सूर कुणी वाजवत नव्हतं.

"गंधार," मी म्हणाले. "चाचा, हा गंधार कुठून येतोय?"

"कुठनं न्हाई. सा नीट लागला की तो आपला आपण येतो. स्वयंभू गंधार म्हणत्यात त्याला. माझ्या बाबानं मला सात वर्षांचा असताना ऐकवला." त्यांनी गिटार माझ्याकडे सरकवली. "आता डोळे मिटूनच तुझ्या जाड तारेवर चौथा पडदा दाब."

मी दाबला आणि तार छेडली. फरफर गेली होती. पण ते मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की माझा सूर ऐकू येत नाहीये. तो तंबोऱ्याच्या त्या सुरात जाऊन मिळाला होता, दुधात साखर विरघळावी तसा, आणि दोन्ही मिळून दुकानभर, वर टांगलेल्या वाळक्या भोपळ्यांपर्यंत काहीतरी भरून राहिलं होतं. नऊ वर्षं मी गिटार वाजवत होते. हजारो वेळा मी तो पडदा दाबला असेल. असा सूर माझ्या हातून कधी निघाला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही.

"हं," चाचा म्हणाले. "आता वाद्य झालं."

घरी मी जवळजवळ धावतच आले. पप्पांना म्हणाले, चिठ्ठी काढा, कुठलीही काढा. पप्पांनी काढली, "ए फ्लॅट मेजर."

ए फ्लॅटची सुरुवातच जाड तारेच्या चौथ्या पडद्यावरून होते. मी सुरुवात केली आणि तिसऱ्या सुराला थांबले. पुन्हा केली. पहिला सूर खाली बसलेला आणि पुढचे सगळे त्याच्यावर चढून बसलेले. मी तारा पुन्हा जुळवल्या. तसंच. दुसरी चिठ्ठी काढली, तिसरी काढली. जिथे जिथे बोट चौथ्या पडद्यावर जाई तिथे तिथे सूर आंबट लागे. सकाळच्या त्या सुराला काय झालं मला समजेना.

पप्पा मशीन थांबवून गिटारीकडे बघत होते. त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नसे, पण चाळीस वर्षं कापड मापलेला डोळा होता.

"प्रिस्का, हे अंतर चुकलंय गं."

"कुठलं?"

"ह्या पट्ट्यांमधलं. बघ, वरून खाली अंतरं कशी एकेक कमी होत आलीत. ही चौथी पट्टीच अशी वर सरकलीय." त्यांनी गळ्यातली टेप लावली. "सूतभर. सूतभराच्या थोडी वर."

मी खिडकीपाशी नेऊन बघितलं. पडद्याच्या खालच्या बाजूला शिसवी लाकडात एक केसासारखी रेघ होती. जुनी खाच शिसवीच्या भुशानं आणि सरसानं बुजवून, वर घासून, तेल लावून इतकी सफाईनं मिटवली होती की मिरजेबाहेरच्या माणसाला ते जमलं नसतं. चाचांनी पडदा नुसता बसवला नव्हता. उपटून, नवी खाच पाडून, त्यांना वाटलं त्या जागी बसवला होता.

दुपारी दुकानात शिरले तेव्हा मी तंबोऱ्याला हात लावला नाही. उभीच राहिले. कुणीतरी गिऱ्हाईक तो छेडत बसलं होतं.

"तुम्ही पडदा हलवलात."

"व्हय," चाचा शांतपणे म्हणाले. "तुझा गंधार चढा होता पोरी. थोडा न्हाई, चांगला चढा. बसवणाऱ्याला कान न्हवते. मी जागेवर आणला."

"मी सांगितलं होतं का तुम्हाला?"

"सांगायचं काय त्यात? बेसूर वाद्य मी दारातनं भायेर कसं जाऊ देऊ?"

"चाचा, परवाच्या दिवशी मला पुण्याला निघायचंय! शनिवारी परीक्षा आहे! माझी नोकरी आहे त्यावर!" माझा आवाज इतका चढला की गिऱ्हाईकाची बोटं चुकली. "हे वाद्य आता एका सुराचं झालंय. बाकी सगळं बिघडलं."

"बिघडंल कसं? गंधार खरा हाय."

मी खाली बसले, गिटार घेतली आणि ए फ्लॅट वाजवलं. चाचांच्या कपाळाला आठी पडली. मग एफ मायनर वाजवलं. मग जे आठवेल ते. दर वेळी चौथ्या पडद्यावर त्यांची मान बारीकशी झटकली जायची, माशी बसल्यासारखी.

"थांब," ते म्हणाले. "तू सा बदलतीस."

"बदलायचाच असतो."

"किती वेळा?"

"बारा. कुठल्याही पडद्यावर सा धरायचा. पहिल्यावर, चौथ्यावर, सातव्यावर. परीक्षक सांगेल तिथे. आणि वाजवता वाजवता मध्येच दुसरीकडे न्यायचा. गाण्यातही तसं होतं आमच्या."

"आणि पडदे हलवायचे न्हाईत?"

"हलतच नाहीत ते. ठोकलेले आहेत."

सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, राग बदलला की सरकवायचे. साठ वर्षं त्यांनी असं एकच जग बघितलं होतं, जिथे सा एका जागी बसतो आणि बाकीचे सूर त्याला धरून आपली जागा शोधतात. त्यांनी माझ्या हातातून गिटार घेतली. एकेका पडद्यावर बोट ठेवून, एकेक सूर छेडून, ते पहिल्यापासून बाराव्यापर्यंत गेले आणि परत आले. कधी एका पडद्याला सा समजून तर कधी दुसऱ्याला. त्यांचे ओठ हलत होते. गिऱ्हाईक केव्हाच उठून गेलं होतं आणि तंबोरा आता मी धरला होता, रिवाज मोडू नये म्हणून हळूच छेडत होते.

"या अल्ला," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता बोलू लागले. "गंधारच न्हाई फकस्त. धैवत चढा हाय, निषाद चढा हाय. पंचम सुद्धा जरा उतरलाय, केसभर. मला वाटलं चुकलंय. चुकलं न्हाई पोरी. मुद्दाम केलंय. सगळ्यांनी थोडं थोडं सोसलंय, म्हणून कुणालाबी सा होता येतंय. खरा कुणीच न्हाई, पण अडलं कुणाचंच न्हाई." त्यांनी चौथ्या पडद्यावरून अंगठा फिरवला. "मी एकाला सरळ केला आणि अकरा जणांचं घर मोडलं."

मी रागावून गेले होते ना, पण तो माणूस इतका चकित होऊन माझ्या गिटारीकडे बघत होता की राग धरायला जागाच राहिली नाही. ज्यावर मी नऊ वर्षं बोटं झिजवली, त्यात असं काही असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बहुधा कुणाला माहीतही नव्हतं.

"परत बसवता येईल?" मी विचारलं.

"बसवतो. जुन्या खाचंतच बसवतो. पर लाकूड दोनदा उकरलेलं हाय."

गुरुवारी दुपारी गेले तेव्हा पडदा मूळ जागी होता आणि त्यावर कापडाची पट्टी आवळून बांधली होती. पप्पांची टेप मी बरोबर नेली होती, आणि चिठ्ठ्यांचा डबाही; तो कशाचा ते चाचांनी विचारून घेतलं. अंतर बिनचूक होतं. मी म्हणाले, "म्हणजे आता तो कालचा सूर गेला."

"बस," चाचा म्हणाले. "रात्रभर मी त्याच इचारात हाय. हिकडं बोट दे."

त्यांनी माझं बोट पाचव्या पडद्यावर ठेवलं. तार छेडली. मग माझ्या बोटावर स्वतःचं बोट ठेवून ते घोडीच्या दिशेनं, म्हणजे पोटावरच्या ज्या पट्टीला तारा बांधलेल्या असतात तिच्याकडे, घट्ट रेटलं. तार जागची हलली नाही, पण सूर केसभर उतरला.

"ओढली की चढती, हे शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. रेटून सैल केली की उतरती. तुझी तार नायलनची हाय म्हणून ऐकती. पडदा कंपनीच्या जागी ऱ्हाऊ दे. सावकाश सूर आला आणि मनात आलं, तर बोटानं सरळ कर. पुढच्या सुराला परत सोडून दे. म्हंजे घर कुणाचंच मोडत न्हाई."

"खरंच की!"

"पर चौथ्यावर न्हाई!" त्यांनी माझं मनगट धरलं. "सरस वाळायला आठ दिस लागत्यात. आठ दिस तिथं नुसतं बोट ठेवायचं. रेटलंस तर पडदा उपटून हातात यील. समजलं?"

"समजलं."

"शपथ घे."

मी गळ्याला चिमटा घेतला.

शनिवारी अकरा वाजता मला आत बोलावलं. पुण्याच्या कॅम्पातली एक उंच छताची खोली, टेबलामागे पिकल्या केसांची इंग्लिश बाई, समोर एक खुर्ची. पप्पा बाहेर बाकावर, मांडीवर डबा आणि त्यात चिठ्ठ्या. गाण्याचे तीन तुकडे झाले, ठीक झाले. मग स्केल्स.

तिनं बी फ्लॅट मेलॉडिक मायनर मागितलं, पहिलंच. मागच्या वर्षीची वैरीण. हे स्केल चढताना एक आणि उतरताना वेगळं, आणि मी उतरताना चढतानाचेच सूर वाजवून बसायची. या वेळी नीट उतरले. मग आणखी दोन झाली. मग ती म्हणाली, "ई मेजर, तीन सप्तकं."

सगळ्यात सोपं स्केल. पहिल्या वर्षापासूनचं. मी सुरू केलं, ई, एफ शार्प, आणि जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर तिसरा सूर आला. तो चढा होता. नऊ वर्षं तो तसाच होता आणि मला कधी ऐकू आला नव्हता. आता ऐकू आला. माझं बोट तिथे अडखळलं, क्षणभरच, पण अडखळलं. मग पुढे गेले, वर गेले, उतरले. शेवटच्या सुराला मान खाली घातली.

बाईनं पेन खाली ठेवलं नाही. "तुम्ही तिसऱ्या सुरावर थांबलात," ती म्हणाली. "पुन्हा एकदा. या वेळी सावकाश. नुसतं वर जा."

मागच्या वर्षीही असंच झालं होतं. एकदा अडखळले, परीक्षकांनी पुन्हा वाजवा म्हटलं, पुन्हा अडखळले, दोन मार्क. आता शहाणपण एकच होतं. ठरल्या जागी बोट ठेवायचं, पुढे जायचं, जूनमध्ये पाचगणीला जायचं. पडद्याखालचा सरस ओला होता आणि मी गळ्याला हात लावून शपथ घेतली होती.

ई. तो सूर मी पूर्ण वाजू दिला. खोलीच्या उंच छताखाली तो हळूहळू पसरला. एफ शार्प. मग चौथा पडदा.

सावकाश म्हटल्यावर सूर लपत नाही. तो चढा सूर तसाच टाकून पुढे जाणं मला जमेना. चूक असती तर सोडून गेले असते, पण मला आता बरोबर काय ते ठाऊक झालं होतं, आणि ठाऊक असून खोटं वाजवायला माझं बोट तयार होईना. मनात म्हटलं, चाचा, माफ करा. आणि रेटलं.

बोटाखाली पडदा हलला. मला नक्की कळलं, हलला. पण सूर उतरला, थोडा, आणखी थोडा, आणि मग जागेवर बसला. खोलीत तंबोरा नव्हता. तरी सगळ्यात आधीच्या ई चा माझ्या कानात राहिलेला जो काही अंश होता, त्यात तो जाऊन मिळाला, आणि बुधवारी दुकानात जे भरून राहिलं होतं ते त्या परक्या खोलीत भरलं. मी तो सूर सोडला नाही. परीक्षा असताना इतका वेळ कुणी एका सुरावर थांबत नाही. मग बोट सैल केलं आणि उरलेली पायऱ्यापायऱ्यांची वाट चढून वर गेले.

बाईचं पेन टेबलावर होतं. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आमच्या गावात सतार बनवणारे एक आहेत."

"नाव?"

"दस्तगीर."

तिनं ते स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. "थँक यू," म्हणाली, "झालं."

बाहेर येऊन बघितलं तर पडद्याचं एक टोक नखभर वर आलं होतं. आणखी दोन सूर वाजवायचे असते तर सगळं ओम्फस झालं असतं. पप्पांनी मला विचारलं, कसा गेला पेपर? मी पप्पांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, तेव्हा त्यांना वाटलं गेलं सगळं. ते म्हणाले, "असू दे. मशीन आहे की." बिचारे पप्पा. आम्ही मिरजेला पोचेपर्यंत ते माझी समजूत घालत होते आणि मी त्यांना खरं काय ते सांगू शकत नव्हते, कारण ते सांगायचं कसं तेच मला सुचत नव्हतं.

निकाल जानेवारीत आला. त्या निकालाच्या जोरावर गेली तीस वर्षं मी पाचगणीत मुलींना गिटार शिकवते आहे, तेव्हा तो काय होता हे वेगळं सांगायला नको. शपथ मोडल्यामुळे तोवर मी चाचांकडे फिरकले नव्हते, पण कागद, गिटार आणि डबा घेऊन आधी त्यांच्याकडेच गेले. नेहमीसारखं कुणीतरी तंबोरा छेडत बसलं होतं. चाचांना इंग्रजी येत नव्हतं.

"वाचून दाखव."

"स्केल्स, एकवीसपैकी एकोणीस."

"दोन कुठं गेले?"

"पहिल्यांदा अडखळले त्याचे."

"मग बरोबर हाय. पुढं काय लिव्हलंय?"

मी त्या बाईच्या तिरक्या अक्षरातली ओळ वाचली. ई मेजर दुसऱ्यांदा वाजवताना उमेदवारानं तिसरा स्वर ऐकून लावला. हे मी फार क्वचित ऐकलं आहे.

चाचांनी कागद हातात घेतला, उलटा सुलटा करून बघितला आणि परत दिला. "रेटलंस म्हण की."

"हो."

"शपथ मोडलीस."

"हो चाचा."

"पडदा?"

"टोक वर आलंय."

"यीलच." त्यांना हसू आवरेना. गिटार घेऊन त्यांनी ते टोक तपासलं आणि म्हणाले, "हे मी बसवतो मागनं. आधी एक काम कर. तो तुझा चिठ्ठ्यांचा डबा आणलास का?"

मी पिशवीतून डबा काढला.

"सगळ्या वाजव. चौथ्यावर हलकं बोट ठेव. मला ऐकायचं हाय, कुठनंबी सा कसा निघतो ते."

"अठ्ठेचाळीस आहेत."

"मग? मला कुठं पुण्याला जायचंय?"

त्यांनी डब्यात हात घालून पहिली चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे धरली. मी वाचली, वाजवू लागले, पण दोन सुरांतच थांबले. तंबोरा आपल्या सा मध्ये वाजत होता आणि माझा सा दुसरीकडे होता. दोन्ही एकमेकांत अडकत होते. चाचांनी ते ऐकलं. ते गादीवरून उठले, गुडघ्यावर हात टेकत दारापर्यंत गेले, आणि छेडत बसलेल्या माणसाच्या हाताशेजारून आपला पंजा तंबोऱ्याच्या चारही तारांवर आडवा ठेवला.

दुकान गप्प झालं. समोरच्या दुकानातून कुणीतरी मान बाहेर काढून बघितलं. शेजारचे दोघे काम टाकून दारात आले आणि विचारू लागले, काय झालं, कुणाला काही झालं का. चाचांनी त्यांना हातानंच थांबायला सांगितलं. परत येऊन ते माझ्यासमोर मांडी घालून बसले, शिष्य बसतो तसे, आणि डोळे मिटून म्हणाले, "हं. सांग पोरी, आता सा कुठं?"